बाकी

गोळीबार चौकाजवळच्या मनपा शाळेत
सातवी ब मध्ये चौपन्न पोरं,
कूलर एकच, तोही हेडमास्तरांच्या खोलीत.
मी फळ्यावर उदाहरण लिहीत असतो
आणि खडू बरोबरच्या चिन्हापाशी पोचायच्या आत
तिसऱ्या बाकावरची यामिनी हेडाऊ
खिडकीबाहेर बघायला लागलेली असते.

विचारलं तर उत्तर देते.
सुरुवातीला न विचारताच हात वर करायची,
मी म्हणायचो, "तू थांब. बाकीच्यांना येऊ दे."
जून ते दिवाळी,
एवढा वेळ लागला त्या हाताला खाली यायला.
मला वाटलं, शहाणी झाली पोर.

मग मी तिला काम दिलं.
वह्या तपास, पाढे घे,
मागच्या बाकावरच्या गोलूला लसावि समजाव.
पालकसभेत सांगितलं, ही माझा उजवा हात आहे.
तिचा बाप इतवारीत दिवसभर तागे उलगडतो, घड्या घालतो.
हात जोडून हसला.
फुकटचा मदतनीस मिळाला की
किती छान शिकवता येतं!
(हे वाक्य आज लिहितोय. तेव्हा सुचलं नव्हतं.)

मार्चच्या चाचणीत तिला वीसपैकी चौदा.
नंदनवनच्या सिग्नलवर स्कूटर बाजूला घेऊन
मी तो पेपर पुन्हा काढला.
चुका फार नीटनेटक्या होत्या.
चुकणारं पोर असं चुकत नाही,
ते हातचा विसरतं, खाडाखोड करतं, कपाळ पुसतं.
हिने तीन उदाहरणं शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर आणून
उत्तरात एकेक मिळवला होता.
सरळ एक.

मधल्या सुट्टीत विचारलं.
चपलेच्या टोकाने फरशीवर शून्य काढत राहिली.
"पूर्ण मार्क भेटले का सर,
पोट्ट्या मले डब्यात घेत नाही.
म्हणते, तू तं सरची आहे."

सव्वीस वर्षांत मी मागे पडणाऱ्यांसाठी
रविवारी शाळा उघडली आहे, पदरची पुस्तकं वाटली आहेत.
हुशारांना काय लागतं, त्यांचं ते होतं,
हे मला कोणी शिकवलं नव्हतं,
तरी पाठ होतं.

मग तिने वहीची मागची पानं दाखवली.
एकाला सातने भाग: सहा आकडे, पुन्हा तेच.
सतराने: सोळा.
एकोणीसने: अठरा. ओळीत मावेनात म्हणून वही आडवी धरलेली.
"पण तेराले सहाच येते सर. काहून?"

"अभ्यासक्रमात नाही" हे जिभेवर आलंच होतं,
ते तिथेच राहतं, नेहमीच्या जागी.
पण तोंडातून निघालं, "मले माहीत नाही."
वर्गात प्रमाण भाषा पाळणारा मी,
हा "मले" माझ्या आईचा.
पोरगी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

त्या रात्री विजेच्या बिलामागे भागाकार करत बसलो.
बायको दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेली.
एवढं कळलं की बाक्या गोल फिरतात.
तेराच्या पोटात बारा बाक्या, पण फेरीत सहाच येतात.
उरलेल्या सहा दुसऱ्या गल्लीत राहतात,
दोनाला तेराने भागलं तेव्हा घरी सापडल्या.
असं का, ते अजून कळलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी बिल तिला देऊन टाकलं, भरायची तारीख फाडून घेऊन.

वह्या आता मी तपासतो.
शनिवारी शाळा सुटल्यावर ती, मी आणि गोलू.
गोलूला कोणी बोलावलं नव्हतं,
पण आकडे मोठ्याने वाचायला कोणीतरी लागतंच.

काल तेविसाच्या मधोमध ती चुकली.
खरीखुरी. हातचा विसरली,
तळहाताने अर्धा फळा पुसला, तोच हात कपाळाला लावला.
मी खडू उचलला तशी चिडून म्हणाली,
"थांबा ना सर!"

मी थांबलो.
गोलूने डबा उघडला.